फळी वाळेपर्यंत

काका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची वाजवून बघत. बोट वाकवून पेरानं टकटक करायची, मान कलती करून ऐकायचं आणि मग टेकायचं. लग्नाला गेले तर मांडवाचा खांब वाजवत. भाजीवाला आला तर भाजीच्या आधी त्याच्या गाडीची फळी वाजवत. शेजारच्या भाभीजींनी नवं जेवणाचं टेबल घेतलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. काकांनी टेबल वाजवलं आणि म्हणाले, "भाभीजी, सागवान बोलके दिया क्या? ये तो आम है।"

भाभीजी कप भरता भरता म्हणाल्या, "भाईसाब, दाल-बाटी तो इस पे भी हजम हो जाती है।"

घरी आल्यावर काकू जिन्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

काका म्हणाले, "टेबलानं."

जयपूरला तिलक नगरात आम्ही त्यांच्या वर राहायचो. घरमालक विद्याधर नगरला असायचे, खाली काका-काकू आणि गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं. आमच्या आटपाडीकडची माणसं सोनंचांदी गाळायच्या कामाला देशभर जातात, तसे माझे यजमान जुन्या शहरात गलाईच्या दुकानात होते. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मला हिंदी धड येत नव्हती, बाहेर जायची भीती वाटायची. मराठी ऐकू यावी म्हणून मी दुपारी खाली जाऊन काकूंपाशी बसायची. फार बोलायची नाही. काका मला "माणदेश" म्हणत. "काय माणदेश, आज पण मौनव्रत का?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात.

काका विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. लोकांनी नुकसानभरपाई मागितली की ती खरी का खोटी हे तपासायचं त्यांचं काम. नोकरी संपली तरी ते रोज सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालत, पायांत बूट चढवत आणि बैठकीच्या खोलीत खिडकीखाली जाजम टाकून बसत. पुढ्यात रंधा, करवत, कानस, पटाशी. एक वाजता उठून जेवत, त्याला "लंच" म्हणत. त्या वेळात कुणी आलं तर काकूंनी "साहेब कामात आहेत" असं सांगायचं. काकू सांगत नसत. त्या म्हणत, "या, आत या, लाकडं कुरतडतायत."

त्यांना तंबोरा करायचा होता. काका मिरजेचे. तिथं एका अख्ख्या गल्लीत तंबोरे आणि सतारी करतात. लहानपणी ते शाळा बुडवून तिथल्या कारागिरांच्या उंबऱ्यावर बसायचे. वडील कान धरून घरी आणायचे. पुढे शिकले, साहेब झाले, बदल्या होत होत जयपूरला आले आणि निवृत्त झाल्यावर ते उंबऱ्यावरचं पोर परत जागं झालं. गाणं त्यांना येत नव्हतं. काकूंनाही येत नव्हतं. "मग तंबोरा कुणाला?" असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्या गावात दारोदार तंबोरे टांगलेत, त्या गावचा माणूस इथं वाळूत बसून तंबोरा करतोय. याचं उत्तर मला येत असतं तर मी तुला सांगितलं नसतं का?"

भोपळा त्यांनी आधीच आणून ठेवला होता. मोठा, वाळलेला, वरचा भाग कापलेला. तो स्वयंपाकघरात माळ्याखाली टांगलेला असे आणि नवी कामवाली आली की त्यात काय ठेवता म्हणून विचारी. अडलं होतं ते लाकडावर. दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावरची तबली, दोन्ही एकाच फळीतून काढायची, म्हणजे आवाज एका घरातला राहतो, असं काका म्हणत. ती फळी त्यांनी सांगानेरच्या एका आरा मशीनवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, आणली होती. तुणीचं लाकूड, लालसर, नुकतंच चिरलेलं आणि ओलं.

ती आणतानाची गोष्ट काकू पाहुण्यांना सांगायच्या. काका फळी घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, इसका भी टिकट लगेगा।" काका म्हणाले, "लगाओ। पर टिकट लगेगा तो ये बैठेगी।" आणि फळी खिडकीपाशी बसवून आपण शेजारी बसले. पुढच्या थांब्यावर एक लेकुरवाळी बाई चढली. काकांनी उठून आपली जागा तिला दिली आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. फळी बसूनच आली. बाई उतरेपर्यंत तिच्याकडे पदराआडून बघत होती म्हणे.

ओलं लाकूड घाईनं वाळलं की तडकतं. काकांनी मला हे समजावून सांगितलं होतं, कारण फळी उचलताना दुसरं टोक धरायला ते मलाच बोलवायचे. काकू त्या फळीला हात लावत नसत. लाकडातलं पाणी दोन्ही टोकांनी पळतं, म्हणून त्यांनी दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून टोकांना मेण फासलं होतं. "तोंड बंद केलं की लाकूड शहाणं होतं, सावकाश वाळतं," काका म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "आमच्याकडे मेण संपलंय, नाहीतर..."

जयपूरचं ऊन आणि लू, म्हणजे तिथला भाजणारा वारा, यांपासून जपायचं म्हणून फळी आतल्या खोलीत होती. घरातली तीच एक गार खोली. भिंतीला दोन खुंट्या मारून त्यांवर ती आडवी ठेवलेली, खाली-वर वारा लागेल अशी. अधूनमधून काका ती काट्याला टांगून तोलायचे. वजन उतरायचं थांबलं की फळी वाळली, असा हिशेब. मी एक टोक सावरून धरायची, ते चष्मा कपाळावर चढवून काट्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "केस पेंडिंग आहे." मग फळी परत खुंट्यांवर जायची.

हे सगळं मजेचं होतं, पण काकूंना त्याची मजा वाटत नव्हती. मिरजेला त्यांच्या अक्का होत्या. थोरल्या बहीण, विधवा, एकट्या. अक्कांनी घरातल्या दोन खोल्या यांच्यासाठी रिकाम्या करून ठेवल्या होत्या. काका निवृत्त झाले की दोघांनी मिरजेला यायचं, असं ठरलेलं होतं. पण काका म्हणाले, फळी अर्धवट वाळलेली नेता येणार नाही. तिकडची हवा दमट, वाळत आलेलं लाकूड वाकडं होईल. इथं वाळू दे, तंबोरा होऊ दे, मग जाऊ. काकूंनी अक्कांना तसं कळवलं. पहिल्या वर्षी हसत कळवलं. मग नुसतंच कळवू लागल्या. अक्का दर रविवारी फोन करायच्या. "वाळली का गं?" हे त्यांचं पहिलं वाक्य असे, आणि काकू फोनची वायर बोटाला गुंडाळत म्हणत, "नाही अजून." एका रविवारी त्यांनी बोटावरची वायर सोडवत फोन ठेवला. मला म्हणाल्या, "तिला आता कमी ऐकू येतं. मी काय म्हणते ते तिला कळत नाही, पण ती विचारते मात्र."

आपल्याकडं सादळणं म्हणतात ना, तो शब्द जयपुरात विसरायला होतो. तिथं काही सादळतच नाही. बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तरी कुरकुरीत. पापड गच्चीवर घातले तर खाली येऊन चहा घेईपर्यंत वाळतात. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. काकू खूष होत्या. कडकडीत वाळल्या तशा डब्यात भरून आम्ही डबा आतल्या खोलीत कॉटखाली ठेवला, कारण स्वयंपाकघरात जागा नव्हती. डब्याचं झाकण जरा सैल होतं.

काही दिवसांनी काकूंनी मला तळायला कुरडया काढून आणायला सांगितल्या. हातात घेतली तर कुरडई मोडेना. वाकत होती. मी बाहेर येऊन म्हणाले, "काकू, कुरडया सादळल्यात."

"जयपुरात? काहीतरीच बोलतेस."

त्यांनी एक कुरडई घेतली, वाकवली. ती वाकली. त्यांनी डबा हुंगला, झाकण बघितलं, मग आतल्या खोलीत गेल्या. मीही मागे गेले. खिडकीत कूलर घरघरत होता. जयपूरचा कूलर म्हणजे पत्र्याचं मोठं खोकं, त्याच्या ओल्या जाळ्यांतून गार वारा येतो. रोज सकाळी आम्हीच त्यात बादल्यांनी पाणी ओतायचो, आणि संध्याकाळपर्यंत ते पाणी कुठं जायचं याचा मी कधी विचार केला नव्हता. खोलीतली चादर हाताला गार लागायची, काडेपेटी पेटायची नाही. आणि कूलरच्या बरोबर समोर भिंतीवर ती फळी होती.

काकूंनी फळीवर तळहात ठेवला. पहिल्यांदाच. मग त्या कूलरपाशी गेल्या आणि बटण बंद केलं.

मे महिना होता. काका लंचला उठले तेव्हा खोली तापली होती.

"कूलर का बंद?"

"फळी वाळू द्या."

"अगं, अशी एकदम वाळवली तर तडकेल."

"तडकू दे. म्हणजे निकाल तरी लागेल."

काका दारात उभे राहिले. बटण त्यांच्या हाताजवळ होतं, पण त्यांनी ते लावलं नाही. ते परत बैठकीत जाऊन बसले.

नंतरचे दिवस फार कठीण गेले. खिडक्या उघडल्या तर लू आत यायची, बंद केल्या तर भट्टी. काकू पदर ओला करून डोक्यावर घ्यायच्या, तो भाजी चिरेपर्यंत कोरडा व्हायचा. काकांनी बूट घालायचं सोडलं, पण शर्टाची इस्त्री सोडली नाही. दोघं एकमेकांशी नेहमीसारखंच बोलत. मीठ दे, पेपर आला का, दूध फाटलं. कूलरचं नाव कुणी काढत नव्हतं. भाभीजी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "आंटीजी, कूलर खराब है क्या? मिस्त्री को भेजूँ?"

"नहीं, लकडी सुखानी है," काकू म्हणाल्या.

"कितनी लकडी है?"

"एक."

भाभीजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

रोज दुपारी जेवताना काकांचा कान आतल्या खोलीकडे असायचा. घास तोंडाशी थांबायचा. कुठं काही वाजलं तर उठायचे. आणि एका दुपारी खरंच आवाज आला. टक् असा, कोरडा, मोठा. काका ताटावरून उठले ते उष्ट्या हातानंच आत धावले. काकूही गेल्या. म्हणाल्या होत्या तडकू दे, पण ते बोलणं होतं.

फळी जशीच्या तशी होती. काकांनी डाव्या हातानं तिच्यावरून वरून, खालून, दोन्ही टोकांना बोटं फिरवली. कुठं केसभर चीर नव्हती. मग आम्ही घरभर शोधलं. ओट्यावर काकूंचा पोळपाट उभा ठेवलेला होता, तो मधोमध फुटला होता.

काकांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, एक वाजवून बघितला आणि म्हणाले, "हा कुणी विकला तुला?"

"गप्प बसा," काकू म्हणाल्या, पण त्यांना हसू आवरलं नाही. त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या.

काकांनी हात धुतला. मला म्हणाले, "चल माणदेश, टोक धर." आम्ही फळी काढली, काट्याला टांगली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघत राहिले. केस पेंडिंग आहे, असं ते म्हणाले नाहीत.

काकू दारात होत्या. "काय म्हणतेय?"

"वाळलीय."

"एवढ्यात?"

काकांनी हलणारी फळी हातानं थांबवली. मग म्हणाले, "दर थंडीत वाळते ती. उन्हाळ्यात कूलर लागला की परत पाणी धरते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"माझा जन्म खोटे क्लेम पकडण्यात गेला. ठाऊक नसेल कसं?"

मला तिथून निघून जायचं होतं, पण टोक माझ्या हातात होतं. सोडलं असतं तर फळी भिंतीवर आपटली असती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

काकू म्हणाल्या, "मग कापली का नाहीत?"

"कापली की तंबोरा करायला लागेल. केला की मिरजेला न्यायला लागेल." काका काट्याशीच बोलत होते. "तिथं गल्लीच्या तोंडाशी बसलेला कुणीही म्हातारा नुसता हात लावून सांगेल, हे साहेबाचं काम आहे म्हणून. इथं कुणाला कळत नाही. इथं मी तंबोरा करतोय एवढं पुरतं."

काकू खाली बसल्या. आवाज चढवला नाही. "तुम्हाला कुणी हसेल म्हणून मी इथं म्हातारी व्हायचं का?" त्या म्हणाल्या. "तिकडं अक्का बहिरी झाली."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मला म्हणाले, "नीट धर, बाहेर न्यायचीय." आम्ही फळी उचलून जिन्याखालच्या कोनाड्यात नेली. तिथं सावली होती आणि कोरडं होतं. ती ठेवून ते आत गेले, वाकून कूलरमध्ये एकेक बादली ओतली आणि बटण लावलं. इतक्या उन्हाळ्यांत फळी त्या खोलीतून बाहेर काढायची, एवढंच करायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले आणि फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली. पेन्सिलीची रेघ आखून झाली. करवत हातात घेतली. मग ती खाली ठेवली, रेघ पुसली, परत तिथंच आखली. असं बराच वेळ चाललं. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांनी गवारीच्या शेंगांचं ताट उचललं, बैठकीत आल्या आणि फळीच्या एका टोकावर चक्क बसल्या.

"अगं, हे काय?"

"हलते ना ती. मी बसते, तुम्ही चालवा."

काकांनी करवत लावली. पहिल्यांदा ती घसरली. दुसऱ्यांदा लागली. काकू शेंगा मोडत होत्या, फळीबरोबर त्यांचं ताट थरथरत होतं, आणि लाल भुसा काकांच्या बुटांवर पडत होता. मी पोळ्या करायला आत गेले. पोळपाट नव्हता म्हणून स्टीलच्या ताटाच्या पाठीवर लाटल्या, त्या वाकड्याच झाल्या, पण त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत.

तंबोरा व्हायला थंडी उजाडली. दांडी कोरायला काकांना फार वेळ लागला, कारण पातळ करायला त्यांचा हात धजत नव्हता. तारा चढवल्याच नाहीत. म्हणाले, गाडीत हवा बदलेल, तारा मिरजेत चढवू. त्यामुळं त्याचा आवाज मी ऐकलेला नाही. निघाले तेव्हा तंबोरा दोन जयपुरी रजयांत गुंडाळला होता. स्टेशनवर हमाल त्याला हात लावायला आला तर काका म्हणाले, "इसको हम उठायेंगे।" काकू फलाटावर मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बोलत जा गं कुणाशी तरी. भाभीजी वाईट नाहीत." आणि गाडी सुटण्याआधीच आत जाऊन बसल्या. कुणी उतरवेल की काय, अशी घाई होती त्यांना.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. अक्का कशा आहेत, खोल्यांना ऊन कसं येतं, बाजारात मेथी किती कोवळी मिळते, सगळं सांगितलं. मला विचारायचं होतं ते विचारायला माझी जीभ उचलेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "नेला बरं का त्यांनी."

"गल्लीत?"

"हो. सकाळपासून तीनदा निघाले आणि तीनदा परत आले. शेवटी मी चपला घातल्या आणि बरोबर गेले. तिथं एक म्हातारे होते, त्यांनी हात फिरवला, पेरानं टकटक वाजवून बघितला. म्हणाले, दांडी फार जाड ठेवलीत साहेब, आवाज दबलाय. तबलीही जाड आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग परत एकदा वाजवला आणि म्हणाले, पण लाकूड छान वाळवलंय. असं हल्ली कुणी वाळवत नाही. कुणाकडनं वाळवून घेतलं?"

"मग काका काय म्हणाले?"

काकूंच्या पाठीमागं कुणीतरी भांडी लावत होतं.

"माझ्याकडं बोट केलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, आमच्या हिनं."